चांदणीची वायर कोण जोडणार?

मोबाईलवर ‘मुलींसाठी क्राफ्ट’ असं शोधलं तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत माझ्यासमोर आलं ते असं: जुन्या बांगड्यांचं तोरण, बाटलीवर चिकटवलेली लेस, लोकरीची फुलं, आरशाभोवती शिंपले आणि नाना तऱ्हेची ग्रीटिंग कार्डं. ‘मुलांसाठी’ शोधल्यावर पाण्याचा पंप, काड्यांचा पूल, छोटी मोटार. लोकरीच्या फुलांशी माझं काही वाकडं नाही. मला स्वतःला विणता येतं आणि विणकामाचा नमुना वाचणं कोड वाचण्याइतकंच डोकं खातं. पण दोन याद्यांमधला फरक बघा. पहिल्या यादीतली वस्तू तयार झाली की ती कुठेतरी टांगायची किंवा कुणालातरी द्यायची. दुसऱ्या यादीतली वस्तू एकतर चालते, नाहीतर चालत नाही.

हे शोधायची वेळ माझ्यावर दर आठवड्याला येते. सोमवार ते शुक्रवार मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत असते. शनिवारी दुपारी चार ते साडेपाच आमच्या चर्चमधल्या मुलींचा ग्रुप घेते. सहावी ते दहावीच्या अकरा मुली. आमची उपासना मराठीत होते. भेटल्यावर आम्ही एकमेकांना ‘सलाम’ म्हणतो, पाद्रींना ‘पाळकसाहेब’ म्हणतो आणि सगळ्या सभासदांना मिळून ‘मंडळी’. बहुतेक घरं एक-दोन पिढ्यांपूर्वी नगर, जालना, सोलापूरकडून पुण्यात आलेली. आया नर्स किंवा शिक्षिका, वडील पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत. नाताळला घरात केकही असतो आणि करंज्याही.

ग्रुपचा पहिला अर्धा तास शास्त्राचा धडा आणि गाणी. ते पाळकीणबाई घेतात. उरलेला एक तास ‘ॲक्टिव्हिटी’, तो माझ्याकडे. तो तास कशासाठी आहे, असं विचारलं की एकच उत्तर मिळायचं: “मुली रमतात.”

रमतात, खरंच. पण नववीपर्यंतच. नववीच्या दिवाळीनंतर एकेक मुलगी येईनाशी होते. क्लास असतो, धाकट्या भावाला बघायचं असतं, आईची दुपारची ड्युटी असते. मुलांच्या ग्रुपमध्ये असं होत नाही. नववी-दहावीची मुलं उलट जास्त दिसतात, कारण तोपर्यंत त्यांच्याकडे कामं आलेली असतात. साउंड सिस्टिम लावायची, प्रोजेक्टर जोडायचा, नाताळची चांदणी करायची, कापणीच्या सणाला मांडव घालायचा. मुलगा मोठा झाला की तो चर्चला लागतो. मुलगी मोठी झाली की ती घरी लागते.

एवढं एक वाक्य डोक्यात आलं आणि मग ॲक्टिव्हिटी निवडायची माझी पद्धतच बदलली.

आधी मजेची गोष्ट सांगते, कारण मजा नसेल तर शनिवारी चार वाजता कुणी येणार नाही. सगळ्यात गाजली ती मण्यांची ॲक्टिव्हिटी. दोन रंगांचे मणी, पांढरा म्हणजे शून्य, निळा म्हणजे एक. कॉम्प्युटर अक्षरं कशी साठवतो, ते मनगटावर बांधायचं. इंग्रजीत सव्वीस अक्षरं. एका मण्याने दोन शक्यता, दोन मण्यांनी चार, तीनने आठ. असं दुप्पट करत गेलं की पाच मण्यांत बत्तीस शक्यता होतात. म्हणजे सव्वीस अक्षरं पाच मण्यांत आरामात मावतात. माझी तयारी इथपर्यंतच होती.

सातवीतली एक म्हणाली, “ताई, मला माझं नाव मराठीत करायचंय.”

मग आम्ही फळ्यावर मोजायला बसलो. क पासून ज्ञ पर्यंत छत्तीस. अ पासून अः पर्यंत बारा. झाले अठ्ठेचाळीस. बत्तीसमध्ये मावत नाहीत. सहावा मणी घेतला की चौसष्ट जागा मिळतात. सगळ्या खूश. दहा मिनिटांनी भांडण सुरू झालं, कारण ‘सई’ आणि ‘सी’ यांचे मणी एकच येत होते. स च्या पुढे ई. ती वेलांटी समजायची की पूर्ण ई?

दोन गट पडले. एक गट म्हणाला, पूर्ण ई हवी असेल तर मध्ये अ घाला: स, अ, ई. दुसरा गट म्हणाला, मात्रांना वेगळे नंबरच द्या. जागा आहेत ना शिल्लक? पुन्हा मोजलं. काना, दोन वेलांट्या, दोन उकार, एक मात्रा, दोन मात्रा आणि दोन्ही प्रकारचे काना-मात्रा मिळून नऊ. सत्तावन्न झाले. अक्षराचा पाय मोडायला एक, अठ्ठावन्न. ऋ आणि त्याची खूण, साठ. ‘ॲ’ आणि ‘ऑ’, बासष्ट. त्या दोघांच्या मात्रा, चौसष्ट. एकही जागा शिल्लक राहिली नाही. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा दाखवायला लाल मणी घ्यावा लागला.

मी त्यांना सांगितलं की दोन्ही गटांचं उत्तर जगात वापरात आहे. आपल्या फोनमधलं युनिकोड दुसऱ्या गटासारखं चालतं. तिथे पूर्ण ई चा नंबर वेगळा आणि वेलांटीचा वेगळा. आणि भारती ब्रेल पहिल्या गटासारखं चालतं. ब्रेलमध्ये सहा ठिपके असतात, प्रत्येक ठिपका उठलेला किंवा सपाट, म्हणजे हिशेब तोच, चौसष्टचा. तिथे स्वर आणि मात्रा यांची खूण एकच असते आणि गोंधळ होईल तिथे मध्ये अ घालतात. हे ऐकून पहिल्या गटाने जो जल्लोष केला, तो ऐकून शेजारच्या खोलीतून महिला मंडळाच्या काकू बघायला आल्या.

मण्यांच्या जोडीला आणखीही बरंच झालं. अंगणात काठी रोवून सावलीचं घड्याळ केलं आणि पुण्यात काठीची सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा बारा का वाजलेले नसतात, हे शोधलं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाप्रमाणे चालतं आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. त्यामुळे इथे मध्यान्ह सरासरी साधारण साडेबारा उलटल्यावर होते. बटाट्यावर ठसे कोरले, कागदावर रंग पसरवले. सगळ्यांत मजा आली. पण ब्रेसलेट मनगटावर राहिलं आणि ठसे वहीत. मुलगी नववीत गेली की तिला शनिवारी बोलावून घेईल असं त्यात काही नव्हतं.

ते मिळालं बाकांवरच्या पुस्तकांत.

आमच्या चर्चमध्ये ‘उपासना संगीत’च्या जुन्या प्रती आहेत. मराठी ख्रिस्ती घरांत वाढलेल्यांना हे पुस्तक वेगळं सांगायला नको. त्यातली कितीतरी पदं रेव्हरंड ना. वा. टिळकांची आहेत. आमच्या प्रतींची अवस्था अशी होती की गाणं उघडलं की पान हातात यायचं. प्रोजेक्टर आल्यापासून तरुण मंडळी पडद्यावर बघून गातात, म्हणून पुस्तकं रद्दीत द्यावीत असा विचार सुरू होता. पण मंडळीतल्या आज्यांना पडदा नीट दिसत नाही. शिवाय अनेक प्रतींच्या पहिल्या पानावर नावं आणि तारखा आहेत. लग्नात मिळालेली, बाप्तिस्म्याला मिळालेली, गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी चर्चला दिलेली.

मी मागून घेतली. एकूण एकतीस प्रती.

पुस्तक उसवून पाहिलं की ते किती साधं आहे हे कळतं. मोठा कागद घड्या घालून केलेलं जाडसर पुडकं म्हणजे जुज. अशी जुजं एकावर एक ठेवून घडीतून दोऱ्याने शिवायची, ती जुजबंदी. दोरा आधी मेणावरून ओढून घ्यायचा, म्हणजे गुंतत नाही आणि कागद कापत नाही. भोकं दाभणाने पाडायची, आणि सगळ्या जुजांवर एकाच रेषेत, नाहीतर पुस्तक तिरकं होतं. मैद्याची खळ शिजवायची. पातळ झाली तर कागद फुगतो, घट्ट झाली तर गुठळ्या राहतात. फाटलेल्या पानाला पातळ टिश्यू कागदाची पट्टी. शेवटी पुठ्ठा, त्यावर कापड, आणि रात्रभर वजनाखाली. आमच्याकडे वजन म्हणजे दोन पाटे आणि बंद पडलेला एक ॲम्प्लिफायर.

सुई या मुलींच्या हातात आधीपासून होती. घरी बटण लावणं, फॉल लावणं यांच्याचकडे. दाभण मात्र कुणी हातात दिलेला नव्हता. घरच्या शिवणात टाका दिसता कामा नये, इथे घडीतला टाका सरळ दिसतो आणि तोच पुस्तक धरून ठेवतो. दहावीच्या मुलीने सहावीच्या मुलीला गाठ शिकवली. पहिली दोन पुस्तकं वाकडी झाली आणि ती तशीच बाकावर गेली. चार महिन्यांत सत्तावीस झाली. चार प्रतींची पानंच गहाळ होती, त्यांचा कागद दुरुस्तीला वापरला.

एका रविवारी पुढच्या बाकावरच्या आजींनी पुस्तक उघडलं, बंद केलं, पाठीवरून हात फिरवला आणि उपासनेनंतर मला विचारलं, “कुठल्या बाइंडरकडे दिली होती गं?” मी मागे उभ्या असलेल्या मुलींकडे बोट दाखवलं. आजींनी पिशवीतून स्वतःचं शास्त्र काढलं. त्याची पाठ सुटली होती. ते माझ्याकडे न देता त्यांनी नववीतल्या मुलीच्या हातात ठेवलं. “घाई नाही,” म्हणाल्या, “पण मला लागतं ते.”

मला हेच हवं होतं. ‘मला लागतं ते.’

त्याच सुमारास आम्ही ट्रेनने केडगावला गेलो. पुणे-दौंड मार्गावरचं हे स्टेशन. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्यात आलं, आणि १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी कितीतरी मुली-बायकांना आणून केडगावला आसरा दिला. तेच पुढे मुक्ती मिशन. तिथे मुली विणकाम, शिवण, शेती, तेलाचा घाणा असं सगळं शिकत. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. आणि तिथे छापखाना होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि ते छापायला खिळे जुळवणारे हात तिथल्या मुलींचे होते. शिशाचं एकेक अक्षर, उलटं, घरातून उचलायचं आणि ओळीत बसवायचं. मराठीच्या काना-मात्रांसाठी खिळ्यांची किती घरं लागत असतील, याचा अंदाज आमच्या मुलींना चौसष्ट मण्यांमुळे लगेच आला. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, तोपर्यंत त्यांचं आयुष्य या कामात गेलं होतं.

त्या मुलींची आणि आमच्या मुलींची तुलना मी करत नाही. त्या दुष्काळातून आल्या होत्या, कित्येक जणी विधवा होत्या, त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न होता. आमच्या मुलींपुढे ट्यूशनचा आहे. पण परत येताना गाडीत एक प्रश्न निघाला, तो माझ्या मनात राहिला. नववीतली ती, आजींचं शास्त्र शिवणारी, म्हणाली, “ताई, तेव्हा मुली छापखाना चालवत होत्या. मग आपल्याकडे चांदणी मुलंच का करतात?”

चांदणी म्हणजे चर्चच्या दारावर नाताळला लागते ती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांचा ग्रुप ती करतो. मुलींकडे कार्डं आणि गव्हाणीची सजावट. असं कुठे लिहिलेलं नाही, कुणी ठरवलेलंही नाही. तसंच चालत आलंय.

कमिटीत विषय मांडला. विरोध असा कुणी केला नाही. फक्त अडचणी निघाल्या. रात्री उशीर होतो. शिडीवर चढावं लागतं. आणि मुख्य म्हणजे करंट. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आहेत, कमिटीवर वडील आहेत. ते म्हणाले, “बाई, दोनशे तीस व्होल्ट आहे ते. शॉक मुलगा-मुलगी बघत नाही.”

खरं होतं त्यांचं. म्हणून उत्तरही तसंच द्यावं लागलं, व्होल्टमध्ये.

आम्ही पंधरा दिवस आधी सुरुवात केली होती. बुधवार पेठेतून एलईडी, रेझिस्टर आणि नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या आणल्या. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात. नवातून दोन गेले, उरले सात. करंट वीस मिलिअँपिअरच्या वर जाऊ द्यायचा नाही. सात भागिले शून्य पॉइंट शून्य दोन, म्हणजे साडेतीनशे ओहम. दुकानात साडेतीनशेचा मिळत नाही, तीनशे तीसचा किंवा तीनशे नव्वदचा मिळतो. कुठला घ्यायचा? मोठा घ्या, प्रकाश किंचित कमी, पण दिवा जगतो. ओहमचा नियम शाळेच्या पुस्तकात असतोच. दुकानदार “कितीचा देऊ?” म्हणून काउंटरवर वाट बघत असतो तेव्हा तो वेगळाच कळतो.

चांदणीसाठी बारा व्होल्टची एलईडी पट्टी घ्यायची ठरली. चार फुटांच्या दहा कामट्या. पाच-पाचच्या दोन चांदण्या बांधायच्या, एकमेकींवर ठेवून पाच टोकांना गच्च आवळायच्या आणि आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे पाच बुटक्या काड्या उभ्या घालायच्या, की चांदणीला पोट येतं. कडेला पट्टी किती लागेल? कामट्या जिथे छेदतात तिथून टोकापर्यंत मोजलं: अठरा इंचाच्या जरा वर. अशा दहा कडा. एकूण चार मीटर पासष्ट सेंटिमीटर. पट्टीचं रीळ पाच मीटरचं येतं. आमच्या रिळावर मीटरला ४.८ वॉट लिहिलं होतं, म्हणजे सगळं मिळून चोवीस वॉट, बारा व्होल्टला दोन अँपिअर. अडॅप्टर तीन अँपिअरचा घ्यायचा, तापणार नाही. हा सगळा हिशेब एका वहीच्या पानावर होता. नववीतल्या मुलीने ते पान काकांपुढे ठेवलं.

काकांनी चष्मा लावून वाचलं. मग विचारलं, “पट्टी कुठून कापणार?”

“तीन-तीन दिव्यांवर कात्रीची खूण असते तिथूनच. तीन दिवे आणि त्यांचा रेझिस्टर मिळून बारा व्होल्टचा एक गट असतो. मधून कापलं तर तो गट जातो.”

काका पुढच्या शनिवारी स्वतःचा मल्टिमीटर घेऊन आले. सोल्डरिंगचा डाग कसा द्यायचा हे त्यांनीच शिकवलं: आधी तार तापवायची, मग शिसं लावायचं, शिसं वितळवून तारेवर टाकायचं नाही. अकराही जणींनी प्रत्येकी दोन डाग दिले. सगळ्यात स्वच्छ डाग सहावीतल्या मुलीचा आला. ती कुणाशी फारशी बोलत नाही. कागद चिकटवायला मुलगे आपणहून आले आणि त्यांना खळ शिजवता येत नव्हती, हे मुलींनी पुढचे कित्येक दिवस लक्षात ठेवलं.

शिडी मात्र मिळाली नाही. चांदणी वर चढवली मुलांनी आणि प्लग लावला काकांनी. त्यावर मुली चिडल्या, मीही चिडले. तो विषय अजून कमिटीत आहे.

चोवीस डिसेंबरच्या रात्री साडेनवाला चांदणीचं एक टोक विझलं. तेव्हा मी घरी करंज्या तळत होते. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, कारण फोन मला आलाच नाही. मुलांच्या ग्रुपमधल्या मोठ्या मुलाने थेट तिला फोन केला, नववीतल्या. चांदणी कुठे कशी जोडली आहे हे तिला माहीत होतं, त्याला नव्हतं. तिच्या आईची त्या दिवशी रात्रपाळी होती आणि धाकटा भाऊ घरी होता. वडिलांनी भावाला स्कूटरवर पुढे उभं केलं, तिला मागे बसवलं आणि चर्चला आणून सोडलं. मुलांनी चांदणी खाली उतरवली. तिने मल्टिमीटर लावून सुटलेला जोड शोधला आणि पुन्हा डाग दिला. दहा वाजून गेले होते. मध्यरात्रीच्या उपासनेला चांदणीची पाचही टोकं लागलेली होती.

आता ती दहावीत आहे. दर शनिवारी येत नाही, क्लास असतो. पण नोव्हेंबर लागला तसा तिच्या आईचा फोन आला, ड्युटीवरून घरी जाताना केलेला. मागे बसचा आवाज. “सलाम, ताई. ती विचारतेय, चांदणी कधी सुरू करताय? मी तिला सांगितलंय, प्रिलिम सांभाळून जा.” मग थांबून म्हणाल्या, “आणि माझ्या मिक्सरची वायर तिने जोडलीय. चालतंय व्यवस्थित. पण कुणीतरी एकदा बघून द्या.”

मी काकांना पाठवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, ठीक आहे. यंदाच्या यादीत बुधवार पेठेतलं सामान आहे, दोन नवीन दाभण आहेत, आणि सगळ्यात वर, मुलींनी लाल पेनने लिहिलेलं, एकच आहे: शिडी.